घरोटावरची बहिणाई : आसोद्याची लेक, जळगावची आजी

आसोदा (ता. जळगाव) : आसोद्याचं नाव काढलं की बाहेरगावच्या पाहुण्याला आधी भरीत आठवतं आणि मग बहिणाबाई. आपल्याकडच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. वांगं मातीतून आलं, गाणंही मातीतूनच आलं. पण भरीत कसं करतात हे सगळ्यांना माहीत आहे, बहिणाबाई कशा जगल्या हे मात्र शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींच्या परिचयापुढे फारसं कुणाला माहीत नसतं. सुगरणीच्या खोप्याची कविता पाठ असते, परीक्षेत मार्क मिळतात, आणि बाई तिथेच राहून जातात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मोबाईलवर शोधताना पुष्कळांचा घोळ होतो. संत बहिणाबाई वेगळ्या. त्या सतराव्या शतकातल्या, तुकोबारायांच्या शिष्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या. आपण बोलतोय त्या बहिणाबाई चौधरी, खान्देशातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. दोघींमध्ये दोनशे वर्षांहून जास्त अंतर आहे. संत बहिणाबाईंचे अभंग आहेत, आपल्या बहिणाबाईंची गाणी आहेत.

जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा. आसोद्याच्या महाजनांच्या घरात. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. घर खातंपितं, शेतीवाडीचं, गोतावळा मोठा. पोरीला शाळेत घालायची त्या काळात पद्धतच नव्हती, त्यामुळे अक्षरओळख झाली नाही ती शेवटपर्यंत. बहिणाबाईंना सहीसुद्धा येत नव्हती असं म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला नवल वाटतं. आपल्या आजीला, पणजीला तरी कुठे येत होती? तेव्हाच्या शंभर बायांमध्ये लिहिता येणारी एखादी सापडली तर सापडली.

तेराव्या वर्षी लग्न झालं. जळगावच्या खंडेराव चौधरींचे चिरंजीव नथुजी यांच्याशी. आसोदा ते जळगाव अंतर पाच-सहा किलोमीटर. आज रिक्षाने पंधरा मिनिटांत माणूस पोहोचतो. तेव्हा ती वाट पायी किंवा बैलगाडीने व्हायची, आणि सासुरवाशिणीला ती मनात येईल तेव्हा चालता येत नव्हती. सण असला, घरून मुऱ्हाळी आला, सासूने हो म्हटलं, तरच. बहिणाबाईंच्या गाण्यांत माहेर इतक्या वेळा का येतं ते इथे कळतं. गाव डोळ्यांसमोर, पण जायचं नाही. माहेरच्या वाटेवरचे दगडगोटे, पायाला लागलेली ठेच, ओळखीची झाडं, हे सगळं तिने गाण्यात घेतलं आहे. एका गाण्यात तर एक योगी तिला विचारतो की सासरी नांदतेस आणि सारखी माहेरचं काय गातेस. त्याला तिने जे उत्तर दिलं आहे ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात: आई सासरी नांदते ती कशासाठी, तर लेकीला माहेर असावं म्हणून. दोन पिढ्यांचा हिशेब तिने एका उत्तरात मिटवून टाकला.

आखाजीचंही तसंच. बाहेरच्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा सण. झाडाला झोके, गौराई, फुगड्या, गाणी. त्यावरचं बहिणाबाईंचं गाणं ऐकलं तर सणाची सगळी गडबड कानावर येते.

जळगाव तेव्हा वाढत होतं. रेल्वे आलेली, कापसाचा बाजार भरलेला, जिनिंगच्या गिरण्या सुरू झालेल्या. पुढे १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशाचं मुख्य ठिकाण जळगावच झालं. पण चौधरींचं घर शेतकऱ्याचं. शहराच्या काठावर राहायचं आणि पोट शेतावर, असं ते जगणं होतं. बहिणाबाईंच्या गाण्यांत म्हणूनच दोन्ही दिसतं. एकीकडे पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी; दुसरीकडे जळगावचा रथ, आप्पा महाराज, नानाजींचा छापखाना.

आता कामाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गाणी त्यातून आली आहेत, आणि ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांना ही गाणी अर्धीच कळतात.

जातं. आपल्याकडे त्याला घरोट म्हणतात. दोन दगडी तळ्या, खालची बसलेली, वरची फिरणारी, मध्ये खुंटा. बाई एक पाय लांब करून बसते, उजव्या हाताने खुंटा धरून ओढते, डाव्या हाताने तोंडात मूठमूठ धान्य सोडते. खाणारी दहा-बारा तोंडं असली की रोजचं ज्वारी-बाजरीचं दळण अंधारातच सुरू करावं लागे, म्हणजे तांबडं फुटेपर्यंत पीठ तयार. त्यात हात भरून येतात, खांदा दुखतो, झोप डोळ्यांवर असते. गाणं तिथे करमणूक म्हणून येत नाही. एका फेऱ्याला एक श्वास, एका श्वासाला अर्धी ओळ, अशी ती सांगड आहे. गळा चालू राहिला की हात चालू राहतो. दोघी जणी समोरासमोर बसल्या तर एक म्हणते, दुसरी उचलते. महाराष्ट्रातल्या लाखो बायांनी हेच केलं. बहिणाबाईंनीही तेच केलं, फक्त बाकीच्या जणी ऐकलेलं म्हणत आणि ही स्वतःचं नवं जोडायची. जिथून पीठ येतं त्याला आपण जातं का म्हणतो, असली थट्टा दळता दळताच सुचू शकते.

उपणणी दुसरं. खळ्यावर बैल फिरवून कणसं रगडून झाली की दाणे आणि भुसा एकत्र पडलेला असतो. वारा असेल तेव्हाच तो वेगळा करता येतो. कुणीतरी उंचावर उभं राहून टोपलीतून धार सोडायची. दाणा जड, तो पायाशी पडतो. भुसा हलका, तो वाऱ्यासोबत लांब जातो. वारा पडला तर सगळी माणसं हात बांधून वाऱ्याची वाट बघत बसतात. आज हार्वेस्टर दारात येतो आणि दोन तासांत पोती भरून देतो, बरंच झालं. पण बहिणाबाई वाऱ्याला माणसासारखी हाक मारून बोलावते ती का, हे हात बांधून बसलेल्या शेतकऱ्यालाच कळणार.

मोट तर आता चित्रातच राहिली. विहिरीवर चाक, चाकावरून दोर, दोराला चामड्याची मोट. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर येते, थारोळ्यात पाणी सांडतं, पाटाने पिकाला जातं. बैल मागे सरकले की रिकामी मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर हेच. विहिरीवर दोन मोटा असल्या तरी खालचं पाणी एकच, हे रोज बघता बघता तिला त्यात माणसाच्या जगण्याचा अर्थ दिसला. आपण तीच मोट बघून फक्त बैलाला हाळी दिली असती.

घरात तीन मुलं. मुलगी काशी, मुलगे ओंकार आणि सोपान. काळ वाईट होता. १८९६ पासून मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढची वर्षानुवर्षं तो गावोगाव फिरत राहिला. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळही त्याच दिवसांतला. चौधरींच्या घरातून प्लेगने ओंकारला नेलं नाही, पण कायमचं अधू करून ठेवलं. धडधाकट पोर असं जन्मभरासाठी परावलंबी होणं आणि आईने ते रोज बघणं, यावर काय लिहायचं? बहिणाबाईंनीही ते मांडत बसल्या नाहीत. त्यांचं करणं चालू राहिलं, एवढंच.

शेतकऱ्याच्या बायकोला बाळंतपणाची रजा नव्हती. तान्हं पोर हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपल्यात, निजवायचं, हारा डोक्यावर घ्यायचा आणि शेताची वाट धरायची. शेतात झाडाच्या सावलीत हारा ठेवायचा आणि कामाला लागायचं. एक डोळा पिकावर, एक हाऱ्यावर. बहिणाबाईंचं या प्रसंगावर एक लांब गाणं आहे. आंब्याखाली हारा ठेवलेला, बाई कामात, एकदम आरडाओरडा होतो. धावत येऊन बघते तर बाळाजवळ नाग फणा काढून डोलतोय आणि पोर त्याच्याशी खेळतंय. तिने काठी उचलली नाही. उचलून करणार काय, वार चुकला तर पोर जायचं. ती महादेवाची आण घालते, नागाला विनवते, किसनदेवाला हाक मारते की तुझा पावा वाजव आणि याला तिकडे बोलाव. गुराख्याचा पावा ऐकू येतो, नाग उतरून निघून जातो. मग ती त्याला दुधाची वाटी कबूल करते. नागपंचमीला जन्मलेल्या बाईचं हे गाणं. ज्या बायांनी शेताच्या बांधावर पोरं वाढवली त्यांना या गाण्यात कविता ऐकू येत नाही, धडकी ऐकू येते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची पोरं आजही फडाच्या कडेला अशीच निजलेली असतात.

तिशीत नथुजी गेले. म्हणजे १९१० च्या सुमारास. सोपानचा जन्म १९०७ चा, तो तेव्हा अगदी लहान. एक मुलगा अधू, एक कडेवरचा, एक मुलगी. पुढे काय काय झालं असेल त्याची कल्पना आपल्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही. तरण्या विधवेला घरात, गावात, भाऊबंदकीत कशी वागणूक मिळायची ते आपल्याच घरातल्या जुन्या बायांनी सांगितलेलं असतं. कपाळ मोकळं, हात मोकळे, सणासुदीला मागे उभं राहायचं. शेत मात्र थांबत नाही. पेरणीचा वाफसा कुणाच्या सुतकासाठी चार दिवस वाट बघत नाही.

या दुःखावरही त्यांची गाणी आहेत आणि ती वाचताना माझा हात थांबतो. त्यात रडणं आहे, पण पदराआड तोंड लपवणं नाही. कुंकू गेलं, बांगड्या फुटल्या, मंगळसूत्र तुटलं. मग उरलं काय, याचा ती हिशेब मांडते. आणि हिशेबात तिला दिसतं की मनगटातला जोर शिल्लक आहे. बांगडी काचेची होती, मनगट काही काचेचं नव्हतं. आणखी एका गाण्यात ती ज्योतिष्याला दारातूनच परत पाठवते. हातावरच्या रेषा आणि ग्रह वाचणाऱ्याला ती सांगते की माझं नशीब मला कळलंय, तू नको सांगू. १९१० च्या आसपास, विधवा झालेली, निरक्षर बाई हे म्हणते आहे. तिला कुणी सुधारणेचं भाषण ऐकवलं नव्हतं. हाताने काम करणाऱ्या माणसाला हातावरची रेष किती खरी आणि घट्टे किती खरे, हे आपोआप कळतं, असं मला वाटतं.

तरीही ही बाई रडवी नव्हती, हे विसरता कामा नये. गमत्या स्वभावाची होती. गावातल्या माणसांच्या लकबी टिपायची, नावं ठेवायची, शब्दांशी खेळायची. अमक्याला अमुक म्हणू नये अशी तिची एक लांबलचक यादी आहे. त्यात कापसाशिवाय उललेलं बोंड आहे, फक्त स्वतःचीच भरती करणारं पोट आहे, नुसते नावाचे नातेवाईक आहेत. पारावर बसून ऐकावी अशी ती यादी. मनावरचं तिचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. मनाला तिने उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली आहे, हाकललं तरी पुन्हा वळून येणाऱ्या. मोठमोठ्या पोथ्यांनी जे सांगायला पानंच्या पानं घेतली ते तिला राखणीला बसून कळलं. ज्याने हरभऱ्याच्या शेतातून दिवसभर गुरं हाकलली आहेत त्याला यावर वेगळं निरूपण लागत नाही.

सुगरणीच्या खोप्याबद्दल एक गंमत. पक्ष्यांचा अभ्यास करणारे सांगतात की सुगरण पक्ष्यात खोपा विणतो तो नर. मादी येते, खोपा बघते, पसंत पडला तर राहते. बहिणाबाईंनी झाडाला टांगलेला तो खोपा बघितला आणि त्यात पिल्लांसाठी जीव टाकणारी आई दिसली. पक्षीशास्त्रात चूक असेल. पण चोचीशिवाय हत्यार नाही आणि तरी असलं विणकाम, याचं जे नवल तिने केलं ते चुकलेलं नाही. आणि घर कोण उभं करतं, हा अनुभव तर तिचा स्वतःचाच होता.

भाषेचं सांगतो. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात ती अजून बोलली जाते. या बोलीत ळ च्या जागी य येतो. जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया, केळीची केयी. ण चा न होतो, पाण्याचं पानी. शिकायला पुण्या-मुंबईकडे गेलेली आपली पोरं होस्टेलवर पहिल्या आठवड्यातच हे य गिळून टाकायला शिकतात, कारण बाकीचे हसतात. वर्गात कविता वाचतानाही कित्येक ठिकाणी ती नीट करून, म्हणजे पुस्तकी करून, वाचली जाते. खरं तर तिथे नीट करण्यासारखं काही नाहीच. डोया हा शब्द काढून डोळा घातला तर तालही जातो आणि आसोदंही जातं.

आता ही गाणी कागदावर आली कशी, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे होता. म्हणणारीला लिहिता येत नाही. ऐकणारे कामात. सकाळी दळताना म्हटलेलं संध्याकाळी कुणाच्या लक्षात असेल तर असेल. म्हणजे गाणं जन्मायचं आणि पिठाबरोबर संपून जायचं.

सोपान शाळेत जाऊ लागला. एके दिवशी त्याने क्रमिक पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईने ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोष्टीचं गाणं तयार होतं, आईच्या बोलीत, आईच्या चालीत. मुलाला धक्काच बसला असणार. इतकी वर्षं कानावर पडत होतं त्याला आपण काय समजत होतो! तेव्हापासून सोपान आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी आईची गाणी ऐकून वहीत उतरवून ठेवू लागले. शेतात, घरात, जसं सुचेल तसं ती म्हणायची आणि जमेल तसं हे लिहून घ्यायचे.

पितांबर चौधरींचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो. दोन मुलगे वही घेऊन बसले नसते तर आज आपल्या हातात काय असतं? काहीच नसतं. आणि वही नसतानाची वर्षं किती! लग्नानंतरची, तरुणपणातली, नथुजी असतानाची गाणी किती असतील आणि त्यातली किती आठवणीतून पुन्हा म्हटली गेली असतील? वहीत आलं ते उरलं. बाकीचं घरोटाखाली दळलं गेलं. महाजनांच्या आणि चौधरींच्या शेजारी राहणाऱ्या, तिच्यासोबत खुंटा ओढणाऱ्या इतर बायांचं तर एकही गाणं उरलं नाही. त्यांच्यात आणखी एखादी बहिणाबाई असेलही. तिच्या घरात वही नव्हती.

सोपानदेव पुढे स्वतः मराठीतले नावाजलेले कवी झाले. मोठ्या मोठ्या साहित्यिकांत त्यांची ऊठबस. पण आईची वही बरीच वर्षं घरातच राहिली. संकोच होता. खेड्यातली निरक्षर आई, भाषा ही अशी गावठी, शिकलेले लोक काय म्हणतील? या संकोचाबद्दल त्यांना दोष द्यावा असं वाटत नाही. आपण चारचौघांत आपल्या आईला फोनवर बोलताना भाषा बदलतो की नाही, ते ज्याचं त्याने बघावं.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई गेल्या. वय एकाहत्तर. तोपर्यंत त्या घरच्या, वाड्यातल्या, ओळखीपाळखीच्या लोकांसाठी एक कष्टाळू म्हातारी आजी होत्या. जिल्ह्याबाहेर त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर सोपानदेवांनी ती वही काढली आणि आचार्य अत्र्यांना त्यातलं वाचून दाखवलं. अत्रे म्हणजे तेव्हाचं मोठं प्रस्थ. नाटककार, संपादक, सिनेमावाले, आणि कविता बरी नसेल तर तोंडावर टर उडवणारे. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा आनंद मावेना. एवढी दौलत लपवून ठेवणं हा गुन्हा आहे अशी त्यांची भावना झाली आणि पुस्तक काढायचं ठरलं. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बहिणाबाई जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. इतक्या वर्षांनीही ही चुटपूट जात नाही. वर्षभर आधी वही बाहेर आली असती तर आजीच्या हातात पुस्तक पडलं असतं. वाचता आलं नसतं, पण हातात धरता आलं असतं.

त्यातही ते नानाजींच्या छापखान्याचं गाणं. जळगावातला छापखाना बघून तिने केलेलं. कोरा कागद यंत्रात जातो आणि शहाणा होऊन बाहेर येतो, माणूस मात्र आहे तसाच राहतो, अशी त्यात कोटी आहे. ज्या बाईला अक्षर माहीत नाही तिने छापखान्याच्या दारात उभं राहून हा विचार केला, आणि नंतर तेच गाणं छापखान्यातून बाहेर आलं.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९६१ मध्ये आलेल्या 'मानिनी' या सिनेमात त्यांची गाणी घेतली गेली आणि ती रेडिओवरून घराघरांत पोहोचली. पुढे उत्तरा केळकरांच्या आवाजातली गाणी कॅसेटवर आली, लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर वाजली. शाळेच्या पुस्तकांत कविता आल्या. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. त्यामुळे आता आपल्या तीन जिल्ह्यांतल्या, जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या, प्रत्येक पदवीधराच्या सर्टिफिकेटवर शाळेची पायरी न चढलेल्या एका आजीचं नाव असतं. दर ३ डिसेंबरला लेवा गणबोली दिन साजरा होतो. त्या दिवशी तरी पोरं य मोकळेपणाने म्हणतात.

जुन्या जळगावात चौधरीवाडा आहे. तिथे बहिणाबाईंच्या वापरातल्या घरातल्या आणि शेतातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीच्या कामाला जळगावला आलात तर वाट वाकडी करून जाऊन या. सोबत म्हातारी आई किंवा सासू असेल तर तिला नक्की न्या. कशाला काय म्हणतात, कशाने काय करतात, हे तिथल्या पाटीपेक्षा तीच नीट सांगेल. आणि मूड लागला, तर त्या निमित्ताने ती स्वतःचं एखादं जुनं गाणंही म्हणेल. मोबाईल तुमच्या खिशात असेलच, रेकॉर्ड करून ठेवा.